काळ्या दगडाची गोष्ट कशी सांगायची: भूविज्ञान शिकवणाऱ्या नव्या शिक्षकांसाठी

सातवीच्या वर्गात मी फळ्यावर खडकांचे तीन प्रकार लिहिले: अग्निजन्य, स्तरित, रूपांतरित. मुलांनी ते वहीत उतरवून घेतले. तास संपता संपता एका मुलीने विचारलं, "बाई, आपल्या शाळेच्या पायरीचा दगड यातला कुठला?" पायरी वर्गाच्या दाराबाहेरच होती. काळी, मधूनमधून बारीक भोकं असलेली, आणि काही भोकांत पांढरे कण बसलेले. आम्ही सगळे रोज तिच्यावर पाय देऊन आत येत होतो आणि आत येऊन 'अग्निजन्य' हा शब्द पाठ करत होतो.

त्या दिवसापासून मी धडा पायरीपासून सुरू करते आणि गोष्टीच्या रूपाने पुढे नेते. सुरुवातीची दोन वर्षं पुष्कळ चुका झाल्या. मुलांना गोष्टी आवडायच्या, पण उत्तरपत्रिकेत भलतंच लिहून यायचं. त्या चुका कुठे होतात आणि कशा टाळायच्या, हे नव्या शिक्षकांना आधीच कळावं म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. उदाहरणं महाराष्ट्रातली आहेत, कारण माझा वर्ग इथला आहे. राज्याचा जवळजवळ चार पंचमांश भाग एकाच काळ्या दगडावर, म्हणजे बेसाल्टवर बसलेला आहे. त्यामुळे नंदुरबारच्या शिक्षकाला आणि साताऱ्याच्या शिक्षिकेला सुरुवात एकाच दगडापासून करता येते. कोकणात असाल तर जांभा घ्या, चंद्रपूर-गडचिरोलीकडे असाल तर तिथला जो असेल तो खडक घ्या. पद्धत तीच राहते.

जवळ काय असावं

फार काही लागत नाही. एक भिंग. चार-पाच दगड: बेसाल्ट (खडीच्या ढिगातला चालतो), जांभा, गारगोटी, नदीतला गुळगुळीत गोटा आणि पांढरे कण असलेला भोकाभोकांचा काळा दगड. ५० मीटर सुतळी, रंगीत चिंध्या, मोजपट्टी. एक मोठी परात, पांढरी रांगोळी, गेरूची पूड, तीन-चार गोट्या. तालुक्याचा नकाशा. फोनवर उपग्रहचित्र दाखवता आलं तर उत्तम. इस्रोचं 'भुवन' किंवा गुगल अर्थ, दोन्ही चालतात. आपल्या भागात कुठला खडक आहे हे पाहायचं असेल तर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाच्या 'भूकोश' संकेतस्थळावर भूशास्त्रीय नकाशे मिळतात. तास घेण्याआधी अर्धा तास त्यावर घालवा, गोष्टीत गफलत होणार नाही.

प्रत्येक दगडाला चिकटपट्टीवर नंबर आणि सापडल्याची जागा लिहून लावा. जागा लिहिली नाही तर महिन्याभरात तो नुसता दगड उरतो.

१. आधी दगड, मग गोष्ट

गोष्ट आधी रचून तिला शोभेल असा दगड शोधायला जाऊ नका. मुलांच्या रोजच्या वाटेवर काय आहे ते पाहा: शाळेची पायरी, देवळाचा चौथरा, घाटातली कापलेली कडा, ओढ्यातले गोटे, उन्हाळ्यात भेगाळणारी काळी रेगूर.

माझ्या अनुभवात सगळ्यांत श्रीमंत जागा म्हणजे विहीर. विहीर खोदणाऱ्या माणसाला भूविज्ञानाचं पुस्तक ठाऊक नसतं, पण जमिनीचा एकेक थर त्याने हाताने फोडलेला असतो. एका आजोबांना मी वर्गात बोलावलं. त्यांनी फळ्यावर विहिरीचा उभा छेद काढला आणि वरून खाली बोट नेत सांगितलं: आधी काळी माती, मग मुरूम, मग मांजऱ्या, त्याखाली एक लाल पट्टा, मग काळा पाषाण. "पाषाण लागला की पहार उडायची. पाणी त्या लाल्याच्या अंगानं झिरपायला लागलं." सगळा वर्ग गप्प बसून ऐकत होता. मला पुढे फक्त एवढंच सांगायचं राहिलं की मांजऱ्यातली भोकं म्हणजे लाव्हातल्या वायूचे बुडबुडे. लाव्हा थिजला आणि बुडबुड्यांच्या जागा तशाच राहिल्या. पुढे त्यांत खनिजं विरघळलेलं पाणी शिरलं आणि पांढरे स्फटिक तयार झाले. आणि लाल पट्टा म्हणजे लाव्हाचे दोन थर साचण्यामधल्या काळाची खूण: खालचा थर थंड झाला, त्याच्यावर ऊनपाऊस पडले, त्याचा वरचा भाग झिजून माती झाला, आणि मग वरून पुढचा लाव्हा आला.

असे आजोबा गावोगावी आहेत. त्यांना बोलवा. मुलांना मात्र विहिरीच्या काठावर नेऊ नका. छेद फळ्यावरच काढायचा.

२. एका गोष्टीला एकच प्रश्न

नवा शिक्षक पहिल्या गोष्टीत सगळंच भरायला जातो: ज्वालामुखी, भूपट्ट, डायनोसॉर, हिमालय, माती. मुलांच्या हाती काहीच लागत नाही. धड्यातला एक प्रश्न निवडा आणि तो मुलाच्या तोंडी शोभेल अशा शब्दांत लिहा. "सह्याद्रीच्या कड्यावर आडव्या रेघा का दिसतात?" हा प्रश्न झाला. "दख्खनच्या पठाराची निर्मिती" हे प्रकरणाचं नाव झालं, त्याची गोष्ट होत नाही.

प्रश्न विचारल्यावर लगेच उत्तराकडे धावू नका. मुलांना अंदाज बांधू द्या आणि फळ्याच्या एका कोपऱ्यात ते सगळे लिहा, चुकीचे असले तरी. "पाण्याच्या खुणा आहेत", "शिवाजी महाराजांच्या काळात कापलंय", "पायऱ्या केल्यात" अशी उत्तरं येतात. शेवटच्या अंदाजाचं मी नेहमी कौतुक करते, कारण त्या रेघा म्हणजे एकावर एक साचलेले लाव्हाचे थर, अशा थरांना जगभर 'ट्रॅप' म्हणतात आणि तो शब्द पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला आहे. आपल्याला सुचलं तेच परदेशातल्या शास्त्रज्ञांनाही सुचलं होतं हे कळल्यावर त्या मुलाचा चेहरा पाहण्यासारखा असतो.

३. नायक नीट निवडा

भूविज्ञानाच्या गोष्टीत तीन प्रकारचे नायक चालतात.

पहिला, शोध घेणारा माणूस. आल्फ्रेड वेगेनर हवामानशास्त्रज्ञ होते. १९१२ मध्ये त्यांनी मांडलं की खंडं एकेकाळी जोडलेली होती आणि नंतर दूर सरकली. किनारे जुळत होते, दोन्ही बाजूंचे जीवाश्म जुळत होते. पण एवढं मोठं खंड सरकतं कशाच्या जोरावर, हे त्यांना पटेलसं सांगता आलं नाही. १९३० मध्ये ग्रीनलंडच्या मोहिमेत ते वारले, तेव्हाही बहुतेक शास्त्रज्ञांना त्यांचं म्हणणं मान्य नव्हतं. पुढे मेरी थार्प यांनी समुद्राच्या खोलीच्या नोंदींवरून अटलांटिकच्या तळाचा नकाशा काढला आणि तिथल्या पर्वतरांगेच्या मधोमध एक दरी धावते हे त्यांच्या लक्षात आलं. बायकांना तेव्हा संशोधन जहाजांवर घेत नसत. दुसऱ्यांनी आणलेले आकडे टेबलावर मांडून त्यांनी ते पाहिलं. तळ तिथे फाटतो आहे ही गोष्ट सहकाऱ्यांनी आधी उडवून लावली, नंतर मान्य केली. या दोन गोष्टी मी लागोपाठच्या दोन तासांना सांगते. पहिली संपते तेव्हा मुलं हळहळतात, दुसरीत त्यांना उत्तर सापडतं.

दुसरा नायक गावातला माणूस: विहीर खोदणारा, पाथरवट, दरड पाहिलेली आजी.

तिसरा खुद्द दगड. "मी आहे काळा दगड" ही आत्मकथा मुलांना फार आवडते, आणि सगळ्यांत मोठा खड्डाही इथेच आहे. माझ्या पहिल्या वर्षीच्या गोष्टीत ज्वालामुखीला राग यायचा, नदीला समुद्राला भेटायची ओढ लागायची. सहामाहीला 'ज्वालामुखीचा उद्रेक का होतो?' या प्रश्नाला अकरा मुलांनी उत्तर लिहिलं: ज्वालामुखी चिडतो म्हणून. त्या मुलांची काहीच चूक नव्हती. मी जे सांगितलं तेच त्यांनी लिहिलं.

तेव्हापासून मी एक नियम पाळते: दगड पाहू शकतो, ऐकू शकतो, सांगू शकतो, पण दगडाला काही हवं नसतं. "मी पाहिलं, माझ्यावर पुढचा थर आला" हे चालतं. "मला वर यायचं होतं" हे चालत नाही. प्रत्येक घटनेमागे वजन, उष्णता, उतार, पाणी, दाब यांपैकी काहीतरी असलं पाहिजे. गोष्ट लिहून झाली की तिच्यातली 'हवं', 'वाटलं', 'ठरवलं' ही क्रियापदं शोधा आणि ती दगडाच्या किंवा नदीच्या नावावर असतील तर काढून टाका.

४. 'आणि मग' काढा, 'पण' आणि 'म्हणून' घाला

ही युक्ती छोटी आहे, पण गोष्ट बांधायला सगळ्यांत जास्त हीच उपयोगी पडते. आपण सहसा असं सांगतो: गोदावरी त्र्यंबकेश्वरजवळ ब्रह्मगिरीवर उगम पावते, आणि मग नाशिकला येते, आणि मग पैठणला, आणि मग नांदेडला, आणि मग बंगालच्या उपसागराला मिळते. ही नुसती यादी आहे.

आता असं सांगून पाहा. गोदावरी ब्रह्मगिरीवर उगम पावते. अरबी समुद्र तिथून ऐंशीएक किलोमीटरवर. पण ती तिकडे जात नाही. पठाराची पश्चिमेकडची कड उंच आहे आणि सगळं पठार पूर्वेकडे कललेलं आहे. म्हणून पाणी जवळच्या समुद्राकडे पाठ फिरवून १,४६५ किलोमीटर वाहतं आणि पार बंगालच्या उपसागरात जातं. पण त्याच डोंगराच्या पश्चिम उतारावर पडलेला थेंब दिवसभरात कोकणात उतरतो. म्हणून एकाच ढगातले दोन थेंब दोन समुद्रांना मिळतात.

इथे मुलं थांबवतात आणि विचारतात, "पण पठार कललं कसं?" हा प्रश्न आला की समजा, पुढच्या तासाची गोष्ट तयार झाली.

५. काळाची सुतळी

भूविज्ञानाच्या गोष्टीत सगळ्यांत जास्त घोटाळा काळाचा होतो. 'खूप खूप वर्षांपूर्वी' म्हटलं की मुलांच्या डोक्यात शिवाजी महाराज, पांडव आणि डायनोसॉर एकाच ओळीत उभे राहतात. आकडे सांगून उपयोग होत नाही. सहा कोटी आणि साठ कोटी यांतला फरक मोठ्यांनाही जाणवत नाही.

४६ मीटर सुतळी मोजा. ही पृथ्वीची साधारण ४६० कोटी वर्षं. म्हणजे १ मीटर म्हणजे १० कोटी वर्षं, १ सेंटिमीटर म्हणजे १० लाख, १ मिलिमीटर म्हणजे १ लाख. मैदान लहान असेल तर सुतळी वळवून घ्या. एका टोकाला 'पृथ्वी झाली', दुसऱ्या टोकाला 'आज'. आता आजच्या टोकापासून मागे मोजत चिंध्या बांधा:

- सुमारे २ मीटर ३० सेंटिमीटर: पहिले डायनोसॉर
- ६६ सेंटिमीटर: दख्खनचा लाव्हा, मोठ्या डायनोसॉरांचा शेवटही याच सुमाराला
- सुमारे ५० सेंटिमीटर: भारताचा भूखंड आशियाला भिडला, हिमालयाची घडण सुरू
- ३ मिलिमीटर: आपल्यासारखी माणसं

उरलेल्या जवळजवळ चव्वेचाळीस मीटर सुतळीवरून मुलांना चालत जाऊ द्या. त्यातला बहुतेक भाग फक्त सूक्ष्मजीवांचा आहे. शिवराज्याभिषेक दाखवायला कुठेच जागा सापडत नाही. १६७४ पासूनची साडेतीनशे वर्षं या सुतळीवर केसाच्या जाडीच्या विसाव्या हिश्शाएवढी भरतात. एकदा एक मुलगा शेवटच्या गाठीशी बराच वेळ उकिडवा बसून राहिला. म्हणाला, "बाई, मग आपली सह्याद्री हिमालयाच्या आधीची?" तिचा दगड आधीचा, हो. हे वाक्य मी पाच वेळा सांगितलं असतं तरी त्याच्या लक्षात राहिलं नसतं.

सुतळी गुंडाळून वर्गात टांगून ठेवा. पुढच्या प्रत्येक गोष्टीत विचारायचं: सुतळीवर ही कुठे?

दख्खनच्या बाबतीत आणखी एक चूक हमखास होते. 'एक मोठा ज्वालामुखी फुटला आणि महाराष्ट्र झाला' असं सांगू नका. उभा शंकू, त्याच्या तोंडातून कारंजं, हे चित्र इथे लागू होत नाही. इथे जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हा पसरला, थिजला, पुन्हा पसरला. हे लाखो वर्षं थांबून थांबून चाललं. पश्चिम घाटात या थरांची एकूण जाडी दोन किलोमीटरच्या वर भरते आणि आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेश त्यांनी व्यापलेला आहे. तसंच पृथ्वीच्या पोटात सगळीकडे लाव्हा उकळतो आहे असंही मुलांना वाटत असतं. प्रावरण, म्हणजे पृथ्वीच्या कवचाखालचा जाड थर, जवळजवळ सगळं घन आहे, काही ठिकाणीच त्याचा थोडा भाग वितळतो. गोष्टीच्या ओघात हे एकदा स्पष्ट सांगा.

६. एक पूर्ण तास: लोणारचा खटला

आता एक गोष्ट सुरुवातीपासून शेवटपर्यंत कशी चालवायची ते दाखवते. वेळ ३५ मिनिटं.

*पहिली पाच मिनिटं.* उपग्रहचित्रात बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार दाखवा, नाव न सांगता. जवळजवळ गोल वाटी, सुमारे १.८ किलोमीटर रुंद, दीडशे मीटरच्या आसपास खोल, तळाशी खारं पाणी. विचारा: एवढं भोक कोणी पाडलं?

*पुढची पाच.* लोणासुराची आख्यायिका सांगा. जमिनीखाली दडून लोकांना छळणारा दैत्य, त्याच्या बिळावरचं झाकण पायाच्या अंगठ्याने उडवणारा विष्णू. गावात दैत्यसूदनाचं देऊळ आहे, तेही सांगा. हसून किंवा कमी लेखून सांगू नका. एवढा विलक्षण खड्डा रोज पाहणाऱ्या माणसांनी 'हे कसं झालं' हा प्रश्न विचारला आणि उत्तर शोधलं. आपणही तोच प्रश्न विचारतो आहोत.

*पुढची दहा.* फळ्यावर तीन संशयित लिहा: ज्वालामुखी, जमीन खचणं, आकाशातून आलेला अशनी. वर्गाचे तीन गट करा, प्रत्येक गटाने एका संशयिताची बाजू घ्यायची. मग पुराव्याच्या चिठ्ठ्या एकेक करून उघडा.

पहिली चिठ्ठी: खड्ड्याची कड आजूबाजूच्या सपाटीपेक्षा उंच आहे. (खचणाऱ्या गटात इथे कुजबुज सुरू होते. जमीन नुसती खचली तर कड उंच का होईल?)

दुसरी: इथले बेसाल्टचे थर एरवी आडवे असतात, पण कडेला ते उचलले जाऊन बाहेरच्या बाजूला कललेले आहेत.

तिसरी: दख्खनचा लाव्हा येणं सहा कोटी वर्षांपूर्वीच थांबलं, आणि खड्डा त्या मानाने फारच ताजा दिसतो.

चौथी चिठ्ठी शेवटपर्यंत हातात ठेवा. १९७० च्या दशकात इथल्या दगडांच्या तपासणीत मास्केलिनाइट नावाची काच सापडली. प्रचंड आघाताचा दाब बसला की दगडातलं एक खनिज नेहमीसारखं न वितळता काच बनतं. ज्वालामुखीत तसा दाब तयार होत नाही.

ज्वालामुखीच्या गटातली मुलं सहजासहजी हार मानत नाहीत. मानूही नये. त्यांना पुरावा मागू द्या, शंका काढू द्या. एका वर्षी तो गट शेवटपर्यंत अडून बसला आणि त्यांचा मुद्दा रास्त होता: "सगळा दगड ज्वालामुखीचाच आहे की!" दगड ज्वालामुखीचा, खड्डा अशनीचा, हे वेगळं करून सांगायची संधी त्यांच्यामुळेच मिळाली. लोणार जगभरच्या शास्त्रज्ञांना महत्त्वाचं वाटतं तेही याचसाठी. बेसाल्टमध्ये झालेली आघात-विवरं पृथ्वीवर विरळा, आणि चंद्रावर, मंगळावर बेसाल्ट पुष्कळ.

*पुढची दहा.* परात. खाली पांढऱ्या रांगोळीचा जाड थर, वर गेरूच्या पुडीचा पातळ. गोटी गुडघ्याच्या, कमरेच्या आणि खांद्याच्या उंचीवरून सोडा. मुलं मोजतील: खड्डा गोटीपेक्षा मोठा, कड उचललेली, आणि खालचं पांढरं वर येऊन लाल्यावर चहूकडे शिंपडलेलं. गोटी थोडी तिरकी टाकली तरी खड्डा बराचसा गोलच होतो.

इथे कोणीतरी विचारतंच: "गोटी परातीत दिसते. मग तिथला अशनी कुठे गेला?" याचं उत्तर खरं द्या. परात हा फक्त नमुना आहे. खरा अशनी सेकंदाला कित्येक किलोमीटर वेगाने येतो. त्या वेगाला आघात म्हणजे स्फोटच असतो. अशनीच्या ठिकऱ्या होतात, तो वितळतो, त्याची बरीचशी वाफ होते.

*शेवटची पाच.* वय. एका पद्धतीने लोणारचं वय सुमारे ५२ हजार वर्षं निघालं, नंतरच्या आर्गॉन पद्धतीने सुमारे ५ लाख ७० हजार. दोन्ही आकडे फळ्यावर लिहा आणि तसेच राहू द्या. सुतळीवर एक अर्ध्या मिलिमीटरवर येतो, दुसरा जवळजवळ सहा मिलिमीटरवर. शास्त्रज्ञ नवी मोजणी करतात आणि जुना आकडा तपासला जातो, हे मुलांना प्रत्यक्ष दिसतं. जून २०२० मध्ये तळं गुलाबी झालं होतं तो विषय कुणी काढला, तर मीठ आवडणाऱ्या सूक्ष्मजीवांची गोष्ट पुढच्या तासाला ठेवा. याच तासात कोंबू नका.

७. दंतकथा कुठवर न्यायची

लोणारच्या तासानंतर हमखास एखादं मूल, कधी एखादे पालकही, म्हणतात: "म्हणजे आपल्या पूर्वजांना हे माहीत होतं. वरून काहीतरी आलं आणि झाकण उडालं!" हे ऐकायला गोड वाटतं, पण मान हलवू नका. खड्ड्याचं वय कुठलंही धरा, आघात पाहिलेल्या कुणाकडून आठवण इथवर येणं शक्य नाही. लोकांनी खड्डा पाहिला आणि गोष्ट रचली. शांतपणे सुतळी दाखवा आणि विचारा: ५२ हजार वर्षं एक गोष्ट तोंडोतोंडी चालेल का?

काही लोककथांत मात्र खरोखरचा अनुभव साठवलेला असतो. सुमात्राच्या किनाऱ्याजवळ सिमेलुए नावाचं बेट आहे. १९०७ मध्ये तिथे त्सुनामीने पुष्कळ माणसं गेली. वाचलेल्यांनी त्या लाटेला 'स्मोंग' म्हटलं आणि मुलांना अंगाईतून, गाण्यांतून सांगत राहिले: जमीन जोराने हलली आणि समुद्र मागे हटला, तर मासे वेचायला जाऊ नका, डोंगराकडे पळा. २६ डिसेंबर २००४ ला जमीन हलली. बेट भूकंपाच्या केंद्राच्या अगदी जवळ होतं आणि लाट काही मिनिटांतच आली. सुमारे ७८ हजार वस्तीच्या त्या बेटावर सात माणसं दगावली. शेजारच्या आचेमध्ये तेव्हा लाखाच्या वर माणसं गेली.

त्याच सकाळी थायलंडमधल्या फुकेतच्या किनाऱ्यावर टिली स्मिथ नावाची दहा वर्षांची ब्रिटिश मुलगी आईवडिलांबरोबर सुट्टीवर होती. दोनच आठवड्यांपूर्वी भूगोलाच्या तासाला तिने त्सुनामीच्या खुणा शिकल्या होत्या. पाणी फेसाळताना पाहून तिने आरडाओरडा केला आणि किनारा रिकामा झाला. एकीकडे आजीची अंगाई, दुसरीकडे शाळेतला तास. मी या दोन्ही गोष्टी एकाच दिवशी सांगते आणि मुलांना विचारते की दोघींना नेमक्या कुठल्या खुणा माहीत होत्या. खुणांची यादी मुलंच फळ्यावर लिहितात.

८. किल्लारी, माळीण, इर्शाळवाडी

भूकंप आणि दरडी शिकवताना जवळची उदाहरणं घ्यावीच लागतात. कोयनेचा ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप, किल्लारीचा ३० सप्टेंबर १९९३ चा, माळीणची ३० जुलै २०१४ ची दरड, इर्शाळवाडीची २०२३ च्या जुलैतली. पण वर्गात ज्याचं घर दरडीच्या गावात आहे असं मूल असू शकतं. आधी वर्गशिक्षकांकडे चौकशी करा. शंका असेल तर ती गोष्ट सांगू नका, दुसऱ्या ठिकाणची सांगा.

सांगायची ठरवलीत तर मृत्यूची वर्णनं टाळा आणि 'का' वर राहा. किल्लारीत विसर्जन आटोपून गाव झोपलेलं होतं. पहाटे चारच्या सुमाराला जमीन हलली. घरांच्या भिंती जाड दगड-मातीच्या, वर मातीचं जड माळवद. उन्हाळ्यात हीच घरं थंड राहायची. पण दगड मातीत नुसते रचलेले होते, एकमेकांना बांधलेले नव्हते. म्हणून भिंती सुटल्या आणि माळवद खाली आलं. इथून मुलांना घरी पाठवा ते एक काम देऊन: आपल्या घराची भिंत कशाची, छत कशाचं, रात्री जमीन हलली तर बाहेर पडायची वाट कुठली. दरडीच्या गोष्टीनंतर डोंगरउताराला नव्या भेगा, झाडं किंवा खांब कलणं, झऱ्याचं पाणी अचानक गढूळ होणं या खुणा वहीत लिहून घ्या आणि घरी वाचून दाखवायला सांगा.

गोष्ट संपल्यावर प्रश्नांना दहा मिनिटं हातची ठेवा. घंटा झाली म्हणून मुलांना भीतीच्या जागी सोडून निघून जाऊ नका.

९. मुलांकडून गोष्ट परत ऐका

'आवडली का?' असं विचारलं की हात वर होतात, पण त्यातून काहीच कळत नाही. दुसऱ्या दिवशी एका मुलाला तीच गोष्ट पहिलीच्या मुलांना सांगायला पाठवा आणि मागे बसून ऐका. फक्त नायक आणि गमती आल्या आणि कारण गळलं, तर दोष गोष्टीच्या बांधणीत आहे. कुठला 'म्हणून' गळला ते टिपून ठेवा आणि पुढच्या वेळी तिथे एखादी वस्तू हातात द्या. लाल पट्ट्याचं कारण माझ्या मुलांच्या सांगण्यातून नेहमी गळायचं. गेरूचा खडा हातोहात फिरवायला लागले तेव्हापासून ते टिकतं.

लेखी कामासाठी माझा आवडता प्रश्न: 'शाळेच्या पायरीने सुतळीच्या ६६ सेंटिमीटरवरून आजपर्यंत काय काय पाहिलं ते पंधरा ओळींत लिहा. पायरीला राग, इच्छा, आनंद नसावा.' शेवटची अट मुलांना अवघड जाते आणि तिथेच त्यांना कारणं शोधावी लागतात.

सहल काढायची असेल तर

जवळची जागा आधी. अहिल्यानगर जिल्ह्यात निघोजला कुकडी नदीच्या पात्रातले रांजणखळगे, मुंबईत अंधेरीची गिल्बर्ट टेकडी, कोल्हापूरकडे बांदिवड्याचे बेसाल्टचे खांब, आणि काहीच जमलं नाही तर गावामागचा घाटरस्ता. रांजणखळग्यांच्या काठावर मुलांना एकटं सोडू नका, आतले भोवरे वरून दिसत नाहीत. पावसाळ्यात तिथे जाऊच नका. घाटात थांबायचं तर रुंद जागी, कड्यापासून लांब.

बरोबर ठेवायचे कागद: मुख्याध्यापकांची लेखी परवानगी, प्रत्येक पालकाचं सही केलेलं संमतीपत्र, मुलांची यादी पालकांच्या फोन नंबरांसह, वाहनाचे कागद, आणि औषधं चालू असलेल्या मुलांची वेगळी नोंद. लोणार अभयारण्य आहे, तेव्हा वनविभागाकडे आधी विचारणा करा. तिथला एकही दगड उचलू नका, मुलांनाही निघण्याआधी शाळेतच तसं सांगा. आठवण म्हणून दगडाचं चित्र काढायचं आणि शेजारी जागा, तारीख, वेळ लिहायची.